दानत रक्तात असते का?

"ताई, मी 43 वर्षांची. पिंपरीत राहते, आम्ही दोघंही नोकरी करतो. माझे वडील लालबागला गिरणीत होते. 1982 च्या संपात घरी बसले ते कायमचेच. मी तेव्हा तान्ही होते, पण पुढची वर्षं चांगली आठवतात. वाण्याने उधारी बंद केली होती. दारात पाहुणा आला की आई आधी तांदळाचा डबा पलंगाखाली सरकवायची, मग कडी काढायची. मिस्टरांचं गाव सांगोल्याकडचं. ते सातवीत असताना वडील वारले. 'मला गावाने वाढवलं' असं ते नेहमी सांगतात. कुणीही मागो, त्यांचा हात सैल. गेल्या महिन्यात आमच्या जॉइंट खात्यातून चुलतभावाच्या ऑपरेशनला त्यांनी 60,000 रुपये पाठवले. मला कळलं ते बँकेच्या मेसेजवरून. मी बोलले, तर सासूबाई म्हणाल्या, 'दानत रक्तातच असावी लागते.' ते वाक्य मनातून जात नाही. शेजारच्या काकूंना आठवड्यातून दोनदा मी डायलिसिसला नेऊन आणते, त्याचं मला काही वाटत नाही. पण पैसा सुटताना छातीत धस्स होतं. आता पुतण्याच्या डिप्लोमाच्या फीसाठी 40,000 मागितलेत. मी खरंच कोत्या मनाची आहे का? हे माझ्या मुलीतही उतरेल का? ती चौथीत आहे."

सासूबाईंचं बोलणं तुम्हाला एवढं लागलं, कारण त्यांनी विषय रक्तावर नेला आणि रक्त म्हटलं की त्यात तुमची आई आली. म्हणून सुरुवात आईपासूनच करते.

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि हजारो कामगार पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. अशा घरात तुमची आई चूल पेटती ठेवत होती. आता तो डबा पुन्हा एकदा नीट बघा. ज्या बाईला देण्याची इच्छाच नसते, तिला डबा लपवावा लागत नाही. ती पाहुण्यासमोर चहाचा कप ठेवते आणि विषय संपवते. डबा लपवावा लागतो तो जिचा हात समोर माणूस बसला की आपसूक त्याच्याकडे जाणार, तिला. पाहुणा जेवून गेला असता आणि रात्री तुम्ही भावंडं अर्धपोटी झोपला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने डबा पाहुण्यापासून जितका लपवला, तितकाच स्वतःपासूनही लपवला, असं मला वाटतं. या बाईला कोती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता रक्ताचं. 2006 साली फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोन संशोधकांनी दीड वर्षाच्या मुलांवर काही प्रयोग केले. मोठ्या माणसाच्या हातून कपडे वाळत घालायचा चिमटा खाली पडतो आणि त्याचा हात काही पोचत नाही. बस्स, एवढंच. कुणी सांगितलं नाही, खाऊचं आमिष नाही, तरी बहुतेक मुलं निदान एकदा तरी दुडुदुडु जाऊन मदत करून आली. म्हणजे दुसऱ्याची नड दिसली की पुढे होण्याची ओढ तुमच्यातही होती, मिस्टरांतही होती, आणि तांदूळ लपवणाऱ्या आईतही. ती सगळ्यांना मिळते. फरक पडतो तो पुढे, कुणाचं आयुष्य कुणाबरोबर कसं बांधलं जातं त्यावर.

याचा एक फार बोलका पुरावा आहे. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या 15 छोट्या समाजांत एक खेळ खेळवला, खऱ्या पैशांचा. एकाला रक्कम द्यायची आणि त्याने त्यातला किती वाटा जोडीदाराला द्यायचा ते ठरवायचं, जोडीदार कोण ते न कळता. जोडीदाराने नाकारलं तर दोघांनाही काहीच नाही. पेरू देशातल्या जंगलातले माचिगुएन्गा लोक सरासरी 26 टक्के देऊ करत होते, इंडोनेशियातल्या लामालेरा गावचे लोक 58 टक्के. अर्ध्याहून जास्त! माचिगुएन्गांचं एकेक कुटुंब आपापली शेती करतं, शेजाऱ्यावाचून फारसं काही अडत नाही. लामालेराचे लोक देवमाशाची शिकार करतात. ती एकट्याने होतच नाही. होडीत डझनभर माणसं लागतात आणि मांसाचे वाटे कुणाला कुठले, हे आधीच ठरलेलं असतं. ज्यांचं पोटच एकमेकांवर अवलंबून, त्यांचा हात सैल असतो.

तुमच्या मिस्टरांची होडी म्हणजे त्यांचं गाव. आपल्याकडे इर्जिक होती. एखाद्याचं शेत नांगरायचं अडलं की गावातले लोक आपापली बैलजोडी घेऊन यायचे आणि दिवसात रान नांगरून द्यायचे. मजुरी नाही, मालकाने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. जो दुसऱ्याच्या इर्जिकेला गेला नाही, त्याच्या बांधावर कोण येणार? वडील गेलेल्या पोराला गावाने वाढवलं, ते या चालीने वाढवलं असणार. म्हणून चुलतभावाच्या ऑपरेशनचा फोन येतो तेव्हा तुम्ही ज्याला दान समजता, ती त्यांच्या मनात फेड असते. न दिलं तर आपण माणसांतून उठलो, असं त्यांना वाटत असणार. तुमच्या घरावर वेळ आली तेव्हा मात्र अख्खी वस्तीच बुडत होती. चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडात तोच संप, मग कोण कुणाला देणार? दिल्याचं कधीतरी परत येतं, हे तुम्हाला लहानपणी बघायलाच मिळालं नाही. तुमच्या छातीत धस्स होतं ते याचं. आणि ज्या गोष्टीत ती भीती नाही, तिथे तुमचा हात बघा ना. रजा, वेळ, पेट्रोल, दवाखान्याच्या बाकावरचे तासन्‌तास, हे तुम्ही काकूंना देताच आहात आणि ते तुमच्या हिशेबातही येत नाही.

एवढं झाल्यावर दुसरी बाजू बोलते, आणि ती स्पष्टच बोलते. 60,000 न विचारता पाठवणं चूक होतं. कारण कितीही चांगलं असो. त्या खात्यात तुमच्या पगाराचे पैसे आहेत, तुमच्या पैशांवर त्यांनी उदार होऊ नये.

तुकोबांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. वाडवडिलांच्या सावकारीची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, लोकांना कर्जातून मोकळं केलं. या गोष्टीतला धाकट्या भावाचा भाग आपण बहुतेक वेळा गाळतो. परंपरा सांगते की कान्होबाने आपला संसार पुढे केला, तेव्हा तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. भावाचा हिस्सा भावाच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची तेवढीच बुडवली. भावाला प्रवचन दिलं नाही, तुझं मन लहान असं म्हटलं नाही. मिस्टरांना ही गोष्ट तुम्ही जरूर सांगा, पण भांडणात नको. रविवारी दुपारी, चहा घेताना सांगा.

मग दोघांनी मिळून एक रक्कम ठरवा. दर महिन्याला पगारातून काढून तीन खात्यांत टाकायची. घराच्या अडीअडचणीची गंगाजळी पहिली. तुम्हाला निवांत झोप लागेल एवढी ती होऊ द्या, साधारण सहा महिन्यांचा घरखर्च धरा. दुसरं खातं त्यांचं, देण्याघेण्याचं. त्यातून कुणाला किती दिले, हे तुम्ही विचारायचं नाही. खरंच नाही विचारायचं, नजरेनेसुद्धा नाही. तिसरं तेवढ्याच रकमेचं, तुमचं. ते देण्यासाठीच असावं असा माझा आग्रह नाही, पण एकदा त्यातून कुणाला तरी देऊन बघा, गंगाजळी शाबूत असताना. धस्स होतं का ते मला कळवा. 2012 साली कॅनडात दोन वर्षांहून लहान मुलांना खाऊ देऊन पाहिलं होतं. स्वतः खाऊ मिळाल्यावर ती जेवढी खूश दिसली, त्याहून जास्त तो बाहुल्याला देताना दिसली. आणि संशोधकांनी पुढे केलेला खाऊ देण्यापेक्षा स्वतःच्या वाटीतला देताना आणखी जास्त. पण वाटीत आपलं म्हणावं असं काहीतरी आधी असावं लागतं. तुमच्या वाटीत ते कधी नव्हतंच.

लेकीची काळजी करू नका. ती तुमच्याबरोबर कधी काकूंकडे आली आहे का? नसेल तर सुट्टीच्या दिवशी न्या. तिला काही समजावू नका. खोडरबर, रंग मैत्रिणीला देऊन आली तर रागावू नका आणि बक्षीसही देऊ नका. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 मध्ये हेही पाहिलं, की मदत केल्यावर ज्यांना खेळणी मिळत गेली, ती मुलं खेळणी बंद झाल्यावर कमी मदत करू लागली.

सासूबाईंना उत्तर देण्याच्या भानगडीत पडू नका. मात्र पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसून विचारा, मामंजी गेल्यावर पहिली पेरणी कुणी करून दिली. त्यांना सांगायला आवडेल, आणि तुमचा नवरा कुठून आला आहे तेही तुम्हाला कळेल. मग जमलं तर त्यांना तुमच्या आईच्या डब्याचं सांगा. संपाची झळ गावालाही लागली होती. मुंबईहून येणारी मनिऑर्डर थांबली म्हणजे काय, हे त्या पिढीला विचारावं लागत नाही.

आणि पुतण्याची फी. खाती सुरू व्हायला वेळ लागेल, फीची तारीख थांबणार नाही. मी म्हणेन, द्या, पण 40,000 एकदम नको. डिप्लोमाची फी हप्त्यांत भरायची सोय आहे का ते आधी विचारून घ्या. पहिला हप्ता दोघांच्या संमतीने जाऊ दे, पुढचे मिस्टरांच्या खात्यातून. आणि पोराला फोन तुम्ही करा. काकूने फी भरली, हे त्याला काकूच्या तोंडून कळू दे.