नागपुरात बॉल पायथनसाठी (आफ्रिकेतला बिनविषारी अजगर) घरीच लाकडी पेटी करायची तर कोणतं लाकूड, केवढी पेटी?

१८ एमएमचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा प्लाय (आयएस ७१० छापाचा) घ्या आणि पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनसाठी पेटी ४ × २ × २ फूट करा. फर्निचरच्या कामात बघतो, साधा कमर्शियल प्लाय ओल लागली की कडेने फुगतो, पापुद्रे सुटतात. आणि या सापाला साधारण ६० टक्के आर्द्रता लागते. देवदार तर नकोच, त्याचं तेल सापांना बाधतं. आतून वॉटर-बेस्ड पीयूचे (पॉलियुरेथेन, लाकडावरचं वॉर्निशसारखं पाणीरोधक पॉलिश) तीन हात द्या, कापलेल्या कडांना जास्त, आणि वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडू नका. सांधे अ‍ॅक्वेरियम सिलिकॉनने भरा. पुढे सरकती काच, तिला शोकेसचं कुलूप हवंच. बोटभर फट मिळाली तरी साप बाहेर पडतो. हवेसाठी जाळीची भोकं एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर ठेवा. गरम कोपरा ३१-३२ अंश, थंड कोपरा २५-२७, आणि हीटर थर्मोस्टॅटशिवाय लावूच नका. मे महिन्यात मात्र नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा हीटर बंद आणि पेटी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब.

हे सगळं परदेशी जातीपुरतंच. धामण, नाग, आपला अजगर पाळणं वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ती आधी करा, प्लाय नंतर आणा.