लग्नाच्या एकाच रोलमध्ये काही चेहरे निळे अन् काही पांढरे का?

तुम्ही विचारलंय की आईबाबांच्या 1994 च्या लग्नाच्या अल्बममध्ये अंतरपाटाच्या फोटोत सगळे निळसर दिसतात, रात्रीच्या वरातीतले चेहरे खडूसारखे पांढरे, मधले काही फोटो मात्र एकदम छान, आणि रोल तर एकच, मग लॅबवाल्याने धुताना बिघडवला का? मी इंदूरला राजवाड्याजवळ एका कलर लॅबमध्ये 1991 पासून 17 वर्षं हेच काम केलंय, म्हणून सांगतो. धुताना नाही बिघडला.

धुण्यात गडबड झाली असती तर अख्खा रोल गेला असता. कलर निगेटिव्हला डेव्हलपर, म्हणजे धुण्याचं पहिलं रसायन, 37.8 डिग्रीवर लागतं, त्यात फिल्म सव्वातीन मिनिटं, मग ब्लीच, फिक्सर, शेवटी स्टॅबिलायझर. आम्ही रोज सकाळी आधी कंट्रोल स्ट्रिप, म्हणजे रसायनं नीट आहेत का ते तपासायची नमुना पट्टी, चालवायचो, आकडे जुळले तरच गिऱ्हाइकाचा रोल आत टाकायचा. पण तिथे जे होतं ते सगळ्या फ्रेमना सारखंच होतं. फोटो जुना होऊन रंग उडाला म्हणावं तर तोही असा एकाआड एक उडत नाही, आणि उडतो तेव्हा बहुतेक लालसर-पिवळट होतो.

बिघडलं ते प्रिंट काढताना. मशीनला चेहरा वगैरे काही कळायचं नाही हो, ते पूर्ण फ्रेमचे रंग एकत्र करून बघायचं आणि धरून चालायचं की सगळं मिळून राखाडी यायला हवं. आता मराठी लग्न, नवरीची पिवळी साडी, मागे झेंडूच्या माळा, मशीनला वाटणार की पिवळा फार झाला, म्हणून ते प्रिंट निळ्याकडे ढकलणार, आणि त्यात साडी थोडी फिकी पडली तर चालतं पण नवरीचा चेहरा आजारी दिसायला लागतो. वरातीत उलटं. मागे सगळा अंधार, मशीन म्हणतं फोटो काळा येतोय, उजळ करा, आणि फ्लॅशमधले चेहरे पार धुऊन निघतात.

हे सावरायला माणूस बसलेला असायचा. यलो, मॅजेंटा (गुलाबी-जांभळा), सायन (हिरवट निळा) आणि डेन्सिटी, म्हणजे प्रिंट किती गडद, यांची बटणं. आमच्या मशीनला तेव्हा स्क्रीन नव्हती, निगेटिव्हमध्ये रंग उलटे दिसतात, ते केशरी निगेटिव्ह बघूनच ओळखायचं की हा निळा पट्टा म्हणजे पिवळी साडी आहे, आणि यलो वाढवायचा. ही नजर यायला मला दोन वर्षं लागली. नवा होतो तेव्हा रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे इंदूरच्या रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचे, रोल आले, फ्रेमभर गुलालच गुलाल, मी मशीनवर विश्वास ठेवला आणि सगळे लोक हिरवट निघाले, अख्खा गठ्ठा परत आला. आमच्या लॅबमधले काका रागावले नाहीत, शेजारी बसवून म्हणाले, गुलालाकडे बघू नको, रंग न लागलेला पांढरा कुठे आहे तो शोध, एखाद्याची कॉलर, एखाद्याचे दात, तो पांढरा आला की बाकी आपोआप येतं. पुढे कायम तेच केलं.

आता चूक कोणाची म्हणाल तर लॅबचीच, फोटोग्राफरची नाही. पण लग्नसराईत आमच्याकडे दिवसाला 60-70 रोल यायचे, म्हणजे अडीच हजारच्या आसपास प्रिंट, एका फ्रेमला दोन-तीन सेकंद मिळायचे, आणि गिऱ्हाईक बाहेर उभं. तरी चेहरा निळा गेलेला प्रिंट पाकिटात घालू नये असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. तो फोटो त्या घरात पन्नास वर्षं बघितला जाणार असतो.

तुमच्यासाठी चांगली गोष्ट म्हणजे रंग निगेटिव्हमध्ये अजून असायला हवेत. अल्बमच्या मागच्या खिशात किंवा कपाटात लॅबचं पाकीट शोधा. पट्ट्या फक्त कडेने धरा, एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढू नका, तशाच स्कॅनिंगवाल्याकडे न्या. आणि त्याला स्पष्ट सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेव, नाहीतर तेही पुन्हा तीच चूक करू शकतं. शक्य असेल तर शेजारी बसा आणि अंतरपाटाची फ्रेम आधी घ्या, अंतरपाट पांढरा असेल तर त्यावरूनच रंग लावायला सांगा, आईचा चेहरा लगेच जागेवर येईल.