ॲरिझोनाच्या वॉशमध्ये (एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यात) मेटल डिटेक्टरला नुसते खिळे आणि गोळ्याच लागतात, सोनं का नाही?

तुम्ही लिहिलंय की वॉशच्या मधोमध, सपाट वाळूत दिवसभर कॉइल (डिटेक्टरची खालची चकती) फिरवली. गोम तिथंच आहे. महागडं मशीन घ्यायच्या आधी जागा बदला.

सोनं पाण्याच्या १९ पट जड, गारगोटी जेमतेम अडीच पट. लोंढा आला की वाळू पुढं पळते आणि सोनं खाली खाली जात तळाच्या खडकावर अडकतं. मधली वाळू कधी कधी पुरुषभर खोल असते, आणि तांदळाच्या दाण्याएवढं नगेट (सोन्याचा खडा) डिटेक्टरला दोन-चार इंचांपलीकडं कळत नाही. म्हणून खडक उघडा पडलाय किंवा वाळू वीतभरच आहे अशा जागा धरा: वळणाची आतली बाजू, मोठ्या धोंड्यांमागचा भाग, खडकातल्या आडव्या भेगा. कॅलीची दिसली तर तिच्यावरही कॉइल फिरवा. चुन्यानं घट्ट झालेला तो पांढरट थर सोन्याला खाली जाऊ देत नाही.

माझी आवडती जागा मात्र वेगळीच, जुन्या ड्रायवॉशरवाल्यांचे ढीग. पाणी नसल्यानं ही मंडळी भात्याच्या हवेनं माती उडवून सोनं वेगळं करत. चाळणीवरचे मोठे खडे न बघताच बाजूला पडायचे, आणि त्यांच्याबरोबर एखादं जाडजूड नगेटही. ढीग फावड्यानं पसरा, एकेक थर तपासा. कंटाळवाणं काम आहे, पण फळतं.

शिशाच्या गोळ्या लागतायत ही तर चांगली खूण आहे. शिसं आणि सोनं हेडफोनमध्ये जवळपास सारखंच वाजतं, म्हणजे बारीक छर्रा ऐकू येत असेल तर तेवढं सोनंही ऐकू येईल. डिटेक्टरची लोखंडाचे आवाज गाळायची सेटिंग बंद ठेवा. लोहयुक्त मातीत ती लहान नगेटही गिळते. अंधूक आवाज आला की बुटानं वरची इंच-दोन इंच माती खरवडा आणि पुन्हा ऐका. आवाज विरला तर बहुधा मातीचाच होता, ठसठशीत झाला तर खणा. खिळे कुदळीला लावलेल्या चुंबकालाच चिकटतील. उरलेली माती प्लास्टिकच्या स्कूपमध्ये घेऊन कॉइलवरून न्या. वाजली तर अर्धी सांडा, पुन्हा न्या, शेवटी चिमूटभर उरेपर्यंत. धातूचा स्कूप इथं कामाचा नाही, तो स्वतःच वाजतो.

डोंगर कुठला, हे पूर्वी सोनं कुठं निघालं त्यावरून ठरवा. ॲरिझोनातल्या रिच हिल या डोंगराच्या माथ्यावर १८६३ साली नगेट सापडली, आणि तिथून खाली उतरणारे वॉश लोक आजही धुंडाळतात. पण अशा ठिकाणी बहुतेक जमिनीवर कुणाचा ना कुणाचा क्लेम, म्हणजे खनिज काढायचा नोंदवलेला हक्क, असतो. बीएलएमच्या (अमेरिकेची सरकारी जमीन सांभाळणाऱ्या खात्याच्या) मोकळ्या जमिनीवर हातहत्यारं आणि डिटेक्टर घेऊन हौसेनं शोधायला साधारणपणे परवाना लागत नाही. दुसऱ्याच्या क्लेमवर मात्र त्याच्या परवानगीशिवाय एक खडाही उचलू नका. जाण्याआधी बीएलएमच्या नोंदी बघा, जागेवर कोपऱ्यांचे खांब शोधा. नॅशनल पार्कात तर डिटेक्टर काढूच नका.

तिथल्या जुलै ते सप्टेंबरच्या मान्सूननंतर तोच वॉश पुन्हा फिरा, लोंढ्यानं वाळू हलून नवा खडक उघडा पडलेला असतो. फक्त लांबच्या डोंगरावर ढग फुटलेले दिसले की वॉशमधून लगेच वर या. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी.