अमेरिकन लेखिका युडोरा वेल्टीच्या कथांवर एकपात्री करायचा तर कोणत्या कथा घ्याव्यात, आणि इतकी पात्रं एकटीने कशी उभी करायची?

पात्रं उभी करू नका, हे आधी सांगते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मुळे एकपात्री म्हटलं की आपल्याला झरझर आवाज बदलणारे लक्ष्मण देशपांडे आठवतात. मिसिसिपी राज्यातल्या वेल्टीच्या ज्या कथा रंगमंचावर सगळ्यात चालतील, त्यांत बोलणारं माणूस एकच आहे. बाकीचे त्याच्या तोंडून येतात, त्याला सोयीचे वाटतील तसे.

‘व्हाय आय लिव्ह ॲट द पी. ओ.’ (१९४१) घ्याच. चायना ग्रोव्हची पोस्टमास्तरीण घर सोडून पोस्टातच का राहायला गेली, ते ती सांगते. नवऱ्याला सोडून धाकटी बहीण माहेरी आलीये, सोबत दोन वर्षांची मुलगी, म्हणे दत्तक. बहीण काड्या घालते, दाढीवरून आजोबांचं बिनसतं, बहिणीचा किमोनो घालून हिंडणारा मामा सकाळी साडेसहाला हिच्या खोलीत फटाके फेकतो. मग ही पंखा, रेडिओ, आजोबांच्या पाठीमागची उशी असं एकेक ‘माझं आहे’ म्हणत उचलते. इथे बहिणीचा वेगळा आवाज काढलात तर ती प्रेक्षकांसमोर खरीखुरी येऊन बसेल. ती हिच्या रागातूनच दिसली पाहिजे, म्हणजे हसता हसता प्रश्न पडतो, ही सांगते त्यातलं खरं किती? अमेरिकन नटी ब्रेंडा करिनच्या ‘सिस्टर अँड मिस लेक्सी’ या प्रयोगातली सिस्टर हीच.

उत्तरार्धात ‘व्हेअर इज द व्हॉइस कमिंग फ्रॉम?’ ठेवा. जून १९६३मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स या समान हक्कांसाठी लढणाऱ्या कृष्णवर्णीय नेत्याला त्याच्या घरासमोर गोळी घातली. वेल्टी त्याच शहरात राहायची. मारेकरी पकडला जाण्याआधीच तिने मारेकऱ्याच्या तोंडून ही कथा लिहिली. तो घरी येऊन बायकोला सांगतो, तर ती विचारते, डास नाही चावले? शेवटी तो खुंटीवरची गिटार काढून गायला बसतो.

या दोन कथा याच क्रमाने हव्यात. मध्यंतरापर्यंत प्रेक्षक एका कुरकुऱ्या बाईच्या बाजूचा झालेला असतो. तीच ‘माझ्यावरच अन्याय’ ही तक्रार, तोच घरगुती सूर घेऊन खुनी बोलू लागला की प्रेक्षकाला बसल्या जागी अस्वस्थ व्हायला होतं. म्हणून दोन्हींसाठी आवाजाची पट्टी फार बदलू नका.

‘अ वर्न पाथ’ माझी अत्यंत लाडकी, पण तिचं निवेदन तृतीयपुरुषी आहे आणि म्हाताऱ्या फीनिक्सची वाटचाल सगळी देहातून दाखवावी लागेल. पहिल्या प्रयोगात नको.

गाव कोकणात किंवा विदर्भात आणू नका. भाषा आपल्या स्वयंपाकघरातली असू द्या, पण माणसं मिसिसिपीचीच राहू द्या. दुसरी कथा तर तिथून हलवली की कोसळते. वेल्टीचं लेखन अजून कॉपीराइटखाली आहे, तेव्हा भाषांतर आणि प्रयोग दोन्हींची परवानगी तालमी सुरू करण्याआधी मागा.