सरकारी प्रोत्साहनामुळे मागास तालुक्यांत नवे उद्योग खरोखर उभे राहतात का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. अनुदाने आणि करपरतावे यांमुळे मागास भागात काही नवे निर्माण होते का, ही पहिली. आणि पुण्यातील नोकरी सोडून गावाजवळच्या एमआयडीसीत शेती अवजारांचा कारखाना काढायचा असेल, तर त्या पैशाच्या भरवशावर उडी घ्यावी का, ही दुसरी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच देतो: घेऊ नये. पहिल्याचे उत्तर इतके सोपे नाही, कारण हाच प्रश्न आमच्या घरी दर दिवाळीला निघतो आणि फराळ संपला तरी संपत नाही.

२०१६ मध्ये मी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या औद्योगिक क्षेत्रात भूखंड घेतला. तालुका सरकारी वर्गवारीत ‘डी प्लस’ या मागास वर्गातला. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात दाटलेला उद्योग बाहेर पसरावा म्हणून ती आणली गेली, आणि तालुका जितका मागास तितके प्रोत्साहन अधिक, हे तिचे सूत्र पुढच्या आवृत्त्यांतही टिकून राहिले. सल्लागाराने मला जो तक्ता करून दिला, त्यात शेड आणि यंत्रसामग्रीवर घातलेल्या पैशाचा मोठा हिस्सा काही वर्षांत परत येताना दिसत होता. बँकेच्या व्यवस्थापकांनाही तो तक्ता आवडला. मी काय बनवणार आहे, हे मात्र त्या तक्त्यात एका ओळीपुरतेच होते.

मी सोयाबीनचे पेरणी यंत्र बनवणार होतो. दोन ओळींत ४५ आणि दोन झाडांत ५ सेंटिमीटर ही शिफारस आमच्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, पण यंत्र ती पाळत नाही. सोयाबीनचे टरफल पातळ असते. दाणा, त्याला एकेक करून खाली सोडणारी भोकांची तबकडी आणि खालचा पत्रा यांच्यात चिमटला की त्याची डाळ होते, आणि डाळ उगवत नाही. मग शेतकरी बियाणे बोगस निघाले म्हणून दुकानदाराच्या नावाने बोटे मोडतो, आणि पुष्कळदा ते बियाणे यंत्रानेच मारलेले असते. मी नायलॉनची तबकडी केली, भोकाची मागची कड तिरकी तासली आणि जादा दाणे झटकणाऱ्या पत्र्याच्या जागी ब्रश बसवला. शेडमध्ये जुन्या कन्व्हेअरचा पट्टा अंथरून त्यावर ग्रीसचा थर लावला, त्यावरून यंत्र ओढले, आणि दाणे पडल्या जागी चिकटल्यावर त्यांच्यातील अंतर पट्टीने मोजले. डाळ झालेले दाणे वेगळे करायला आई बसली. तांदूळ निवडण्याच्या सवयीने ती ताटभर दाणे बघता बघता हातावेगळे करी. अकराव्या तबकडीच्या वेळी तिने मान वर केली आणि म्हणाली, “आता निवडायला काही ठेवलंच नाहीस की.”

या अकरा तबकड्यांना चौदा महिने लागले. विचार करायला फार तर दोन महिने गेले असतील. बाकीचा काळ प्रवासात गेला. तालुक्यात व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारे कापकामाचे यंत्र, नव्हते, मोजमापाची सोय नव्हती, नायलॉनचा जाड पत्राही मिळत नव्हता. प्रत्येक नमुन्यासाठी छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज गाठायचे, तिथल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या गिऱ्हाइकाचे काम संपेपर्यंत थांबायचे, आणि कड अर्ध्या मिलिमीटरने जास्त तासली गेली हे परत आल्यावर ग्रीसच्या पट्ट्यावर कळायचे. एका चुकीची किंमत पाच आठवडे. माझ्या थोरल्या भावाचे वर्कशॉप पुण्याजवळ भोसरीत आहे. तिथे अशी चूक दुपारी होते आणि संध्याकाळी दुरुस्त होते.

पुढचा अडथळा चाचणीचा. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून शेतकऱ्याला अवजारावर अनुदान मिळायचे, तर त्या मॉडेलचा अधिकृत केंद्राकडचा चाचणी अहवाल लागतो, आणि अनुदानाच्या यादीत नसलेले पेरणी यंत्र आमच्याकडे कोणी विकत घेत नाही. मी अर्ज केला, शुल्क भरले, यंत्र पोहोचते केले. त्या केंद्राने एक कागद कमी असल्याचे जूनच्या शेवटी कळवले. कागद दिला तोवर पेरण्या आटोपल्या होत्या, आणि पेरणी यंत्राची शेतातील चाचणी पेरणीच्या हंगामातच होणार. वर्ष गेले. नवी कोरी शेड, तिच्यावर ‘डी प्लस’ तालुक्याचे प्रोत्साहन मंजूर, आत बावीस यंत्रे झाकून ठेवलेली आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला चालू. उद्योग विभागाने मला कारखाना उभारायला प्रोत्साहन दिले आणि कृषी विभागाच्या नियमाने त्यातला माल वर्षभर अडवला. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

आता परताव्याचे गणित पाहा, कारण हे सल्लागार सांगत नाहीत. वस्तू व सेवा कर आल्यानंतर माझ्या प्रोत्साहनाचा मुख्य भाग राज्याच्या वाट्याच्या करावर, तोही खरेदीवरील वजावट काढून उरलेल्या निव्वळ करावर मोजला गेला. माझ्या यंत्रावर तेव्हा कर १२ टक्के, आणि त्यासाठी घेतलेल्या लोखंडावर, बेअरिंगांवर १८ टक्के. शंभर रुपयांच्या विक्रीत पन्नास रुपयांचा माल असेल, तर बारा रुपयांतून नऊ वजा होतात. उरलेल्या तिनातला निम्मा राज्याचा. त्या दीड रुपयाच्या परताव्यासाठी मी कारखान्याची जागा निवडली होती! त्यातही राज्याबाहेर, म्हणजे तेलंगणात किंवा मध्य प्रदेशात, यंत्र विकले तर लागतो तो एकात्मिक कर, राज्याच्या वाट्याचा नव्हे. त्यावर राज्य परतावा कशाला देईल? सोयाबीनचा एवढा मोठा पट्टा मध्य प्रदेशात आणि प्रोत्साहन मात्र महाराष्ट्रात विकलेल्या मालावर, असा हा प्रकार. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात अवजारांवरील कर ५ टक्क्यांवर आला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते उत्तमच झाले, आणि माझा दीड रुपयाही गेला. मंजूर झालेली जी काही रक्कम होती, तिचा पहिला हप्ता मला चौथ्या वर्षी मिळाला. तोवर तेवढ्याच रकमेवर मी बँकेला भरलेले व्याज कमी नव्हते.

दादाचे म्हणणे असे, की मी सरकारच्या पैशावर कारखाना काढायला गेलो आणि तो स्वतःच्या हिमतीवर उभा राहिला. दिवाळीत पाहुण्यांसमोर हे ऐकून घ्यावे लागते, म्हणून इथे सविस्तर लिहितो. पुणे-पिंपरी पट्टा हिमतीवर उभा राहिला हे अर्धसत्य आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण तिथे १८५४ पासून सरकारी खर्चाने मिळते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये तिथे आली, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत आली, आणि १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर भोसरी-चिंचवडचा माळ रस्ते, पाणी आणि विजेसह उद्योगांना मिळाला. वाहनांची चाचणी करणारी एआरएआय १९६६ मध्ये, केंद्र सरकार आणि वाहन उद्योग यांच्या सहकार्याने, पुण्यातच उभी राहिली. दादाला कारखान्यापासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर मोजमाप, चाचणी आणि शिकलेला मुलगा मिळतो. या सगळ्याला कोणी अनुदान म्हणत नाही, कारण ते त्याच्या खात्यात धनादेशाने जमा झाले नाही. माझे आले, तेही चार वर्षांनी, म्हणून अनुदानखाऊ मी.

मागास भागात प्रोत्साहनाने काहीच होत नाही, असेही म्हणता येत नाही. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, उदाहरण समोर आहे. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला, त्यामागे त्या काळातील विक्रीकराच्या सवलतींचा वाटा होताच. पण शहर पुढे गेले ते त्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योगांमुळे, आणि चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधून, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवायला शिकवणाऱ्या संस्थेतून, बाहेर पडलेल्या मुलांमुळे. नंतर केंद्राच्या योजनेतून तिथे मराठवाडा ऑटो क्लस्टर झाले, जिथे लहान उद्योजकाला पैसे मोजून चाचणी करून घेता येते, नमुना बनवून घेता येतो. माझी शेवटची तबकडी ज्या मुलाने जमवून दिली, तो टूल रूमचाच. त्याने रेखाचित्र हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारला तो दाण्याच्या मापाचा, आणि नंतर खिशातून रुमाल काढून म्हणाला, “यात थोडे बी द्या.” तो ते बी घेऊन गेला, आणि पुढच्या आठवड्यात तबकडी बरोबर आली.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: शेडच्या आणि यंत्रांच्या किमतीवर मोजलेले प्रोत्साहन शेड आणि यंत्रे वाढवते, आणि म्हणूनच आमच्या औद्योगिक क्षेत्रात कुलूप लावलेल्या शेडही पुष्कळ आहेत. नवे काही करून पाहण्याची किंमत त्याने कमी होत नाही. तेवढ्याच पैशात प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एक व्हीएमसी, मोजमापाची खोली आणि टूल रूममधून शिकून आलेली दोन मुले ठेवली असती, तर मी परतावा मागायला गेलोच नसतो.

आपल्यासाठी काही गोष्टी. भूखंड घेण्याआधी आपल्या मॉडेलची चाचणी कोणते केंद्र करते आणि कोणत्या महिन्यात करते, हे स्वतः जाऊन विचारून या. परताव्याचा एक रुपयाही रोख प्रवाहात धरू नका. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून जाणार असाल, तर अनुदानाची रक्कम आधी बँकेत मुदत ठेव म्हणून अडकते, हातात येत नाही, हे कुटुंबालाही समजावून ठेवा. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी पहिल्या दिवशी करा. पुरवठादार म्हणून ४५ दिवसांत पैसे मागण्याचा हक्क तिच्याशी जोडलेला आहे. आमच्यासारख्यांना तो हक्क गाजवता येतो का, हा वेगळा विषय आहे.

हे सगळे अवजारांच्या अनुभवातून लिहिले आहे, हे लक्षात घ्या. ज्याचा माल राज्यातच विकला जातो आणि ज्याच्या मालावर कर अधिक आहे, त्याचे परताव्याचे गणित चांगले बसू शकते. मराठवाडा-विदर्भातील वीजदराची सवलत मला खरोखर उपयोगी पडली, कारण ती बिलातच वजा होऊन येत होती, तिच्यामागे फिरावे लागत नव्हते. ज्यांच्याकडे गहाण ठेवायला काहीच नाही, अशा माझ्या ओळखीच्या दोन भगिनी रोजगार योजनेशिवाय उभ्या राहूच शकल्या नसत्या. त्यांना ‘अनुदान घेऊ नका’ असे मी सांगणार नाही. आणि वर्षभर झाकून ठेवलेली ती बावीस यंत्रे पुढच्या हंगामात अहवाल हाती आल्यावर एकोणीस दिवसांत विकली गेली, हेही सांगायला हवे.

दादा या संकेतस्थळावर आहे, तो हे वाचेल. त्याने उत्तर लिहायचे ठरवले, तर भोसरीतील त्याचा भूखंड एमआयडीसीने ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने त्याला काय दराने दिला होता, तो आकडा आधी लिहावा.