टीममध्ये पहिल्यांदाच नाव आलंय ना, मग हे वाच

आठवीत फुटबॉल टीममध्ये घेतलं म्हणालास, मस्त रे. आमच्या वेळी शाळेच्या मॅचेस बहुतेक ऐन पावसात यायच्या, लाल चिखलात, आणि तिथे ड्रिबलिंगची हौस चालत नाही, बॉल साचलेल्या पाण्यात अडकतो आणि तू एकटाच पुढे निघून जातोस! तेव्हा पाणी असेल तिथे बॉल उचलून मार. नुसतं गवत ओलं असेल तर उलटं, टप्पा पडला की बॉल सटकतो, म्हणून गोलकीपरने हातांच्या मागे अंग आणायचंच.

बूट चुलीजवळ अजिबात वाळवू नको, सोल सुटतो. चिखल धू, आत जुन्या पेपरचे बोळे कोंब, ओले झाले की बदल.

कोचने बॅकला नाहीतर गोलमध्ये टाकलं म्हणून तोंड पाडू नको, स्ट्रायकर तर सगळ्यांनाच व्हायचं असतं (आम्हालाही!), पण आपल्या गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर गोलकीपरच ना, भारताचे कॅप्टन झाले, 1997 चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत नेवऱ्या (करंज्या) खा पोटभर, पण थोडं पळणं चालू ठेव, नाहीतर नंतर पहिल्या हाफलाच धाप लागते. आणि घोटा मुरगळला तर टीममधून काढतील म्हणून लपवू नको, सगळे तेच करतात, बर्फ लाव, कोचला सांग आणि सूज उतरेपर्यंत बाहेर बस.