लिंबं हिरवी दिसेपर्यंत

अगं,

परवा रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला, "सर काहीच सुचत नाहीये, आठ दिवस लडाखला जाऊन येऊ का?" मी त्यावर नुसता अंगठा टाकला. त्याचा अर्थ 'जा' असा नव्हता गं. मोबाइलवर माझी बोटं चालत नाहीत आणि तेव्हा रागही आला होता, म्हणून आता नीट लिहितोय.

दिवसभर क्लायंटचं काम, पाडव्याच्या ऑफरची गुढी, दसऱ्याच्या ऑफरचं सोनं, 'लोगो जरा मोठा करा', आणि रात्री स्वतःचं काहीतरी काढायला बसलं की हात उचलत नाही, हे मी तीस वर्षं भोगलंय. ते कळतं. नाही कळत ते तुझे पिंटरेस्टचे बोर्ड. रविवारी दाखवलेस, साडेतीन हजार चित्रं सेव्ह केलेली, जपानमधल्या गल्ल्या, लिस्बनच्या ट्राम, आणि त्यातलं एकही तू स्वतः जाऊन बघितलेलं नाहीस. मी विचारलं, तुझ्या बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलावर काय अंथरलेलं असतं, तर तू हसलीस. मी गंमत करत नव्हतो.

नवीन जागा शोधू नकोस. तिथेच परत जा. बास, एवढंच सांगायचंय.

मी गेली ११ वर्षं दर बुधवारी सकाळी मंडईत जातो हे तुला माहितेय, पण पहिलं वर्ष कसं गेलं ते कधी सांगितलं नाही. १८८६ची ती दगडी इमारत, अष्टकोनी मनोरा, कमानी, पुण्यात जलरंग हातात धरणारा प्रत्येक माणूस ते चित्र एकदा तरी करतो, मीही तीन महिने तेच केलं. छान झाली, दोन विकली पण गेली, आणि सगळी पाठ केलेली. मग कंटाळा आला. इथे नीट लक्ष दे, कंटाळा आला तरी मी गेलो. मनोऱ्यात काही उरलं नव्हतं म्हणून बाहेरच्या अंगाला लिंबं-मिरच्या घेऊन बसणाऱ्या एका मावशींच्या समोर गोणपाटावर बसलो. चार बुधवार लिंबं पिवळी रंगवली, लेमन यलो, ट्यूबवर नावच छापलेलं असतं ना. पाचव्या बुधवारी दिसलं की वरची ताडपत्री निळी आहे, तिच्यातून येणाऱ्या उजेडात लिंबांचा अख्खा ढीग हिरवट दिसतोय, लाल मिरच्या जवळजवळ काळ्या, आणि ताडपत्रीला जिथे भोक पडलंय त्याच्याखालची दोनच लिंबं भक्क पिवळी. मावशी मधेच पाणी शिंपडतात तेव्हा दहा मिनिटं सगळं परत वेगळं.

हे पहिल्याही बुधवारी तसंच होतं की. मी ट्यूब वाचून रंगवत होतो.

आणि फोटो काढून घरी येऊन काढते म्हणशील तर मोबाइल ती लिंबं स्वतःहून पिवळी करून देतो, ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणजे तेच, तुझ्या आधी त्याने ठरवून टाकलेलं असतं लिंबू कसं दिसायला हवं ते.

आता माझी लाज सांगतो. १९९७ साली एका दिवाळी अंकात कथाचित्र केलं, बाई जात्यावर दळतेय. तेव्हा पिंटरेस्ट नव्हतं पण माझ्याकडे कात्रणांच्या फायली होत्या, बैल, घाट, देवळं, बायका, सगळ्यांच्या वेगळ्या. त्यातलं एक कोणाचं तरी बघून ठोकून दिलं. महिन्याभराने एका वाचक आजींचं पोस्टकार्ड आलं, खुंटा मधोमध काढलात तर बाईने दाणे कुठून घालायचे? खुंटा कडेला असतो, मधे दाणे टाकायचं तोंड. आणि ऐक, आमच्या कसबा पेठेतल्या वाड्यात जिन्याखाली जातं होतं. लहानपणी मी त्यावर बसून बिस्किटं खाल्लीत. जातं घरात, आणि मी फाईल उघडून जातं शोधत होतो.

तो वाडा २००९ला पाडला. २२ वर्षं राहिलो तिथे, त्याचं एकही स्केच माझ्याकडे नाही, एक पण नाही. तेव्हा मी वाईला घाट काढायला जायचो, कोकणात होड्या काढायला जायचो, आर्टिस्ट ना मी. परवा जिन्याचा कठडा आठवायला बसलो, गज होते का फळ्या, शेवटपर्यंत आठवलं नाही, भावाला फोन केला तर त्यालाही नाही. म्हणून ओरडतोय गं तुझ्यावर, तिथेच परत जा.

मोरांडी तुला माहितेय, तो इटालियन चित्रकार, बोलोन्यातल्या एकाच घरात जवळजवळ आयुष्यभर त्याच बाटल्या आणि तेच डबे मांडत बसला. तो लांबचा वाटत असेल तर आपले चित्रकार सुधीर पटवर्धन घे, जवळजवळ ३० वर्षं ठाण्यात रेडिऑलॉजिस्टची प्रॅक्टिस करत रंगवत राहिले, आणि काय रंगवलं, तर रोज दिसणारी माणसं, रेल्वे, उपनगरातल्या बिल्डिंगा. वेळ नाही हे कारण माझ्यासमोर तरी नको काढूस.

हो, मला माहितेय लोक काय म्हणतात, हा माणूस मंडईच्या पुढे गेलाच नाही. मुंबईला आर्ट डायरेक्टर व्हायची संधी होती, सोडली. बायको म्हणते तू घाबरलास. असेन. पण गेलो असतो तर ती निळी ताडपत्री दिसली असती का, असं मी स्वतःला सांगतो, तीन बीएचके झाला असता हेही खरं. जाऊदे, तो हिशोब तुझ्या पत्रात नको.

लडाखला जा, मजा कर, मॅगी खा. फक्त चित्रासाठी जातेय असं म्हणू नकोस. त्याआधी इस्त्रीवाल्याकडे सहा दिवस सकाळी उभी राहा, दहा-दहा मिनिटं, बसस्टॉपला जाताना. पहिले तीन दिवस माणूस आणि इस्त्री काढशील, काढ, ती कोणालाही येतात. चौथ्या दिवशी काय काढायचं ते मी सांगणार नाही, मला माहीत पण नाही. आयपॅड नको, छोटी वही आणि ४बी पेन्सिल, खोडरबर घरी ठेव. स्केचेस इन्स्टावर टाकू नकोस, लाइक आले की तू दुसऱ्या दिवशी तसंच काढशील, ओळखतो मी तुला.

सहा दिवस झाले की वही घेऊन बुधवारी पावणेसातला मंडईत ये. मावशींना सांगून ठेवलंय एक मुलगी येईल म्हणून, त्यांनी विचारलं लिंबं घेणार का नुसती बघणार. सुट्टे पैसे आण.